कोबोलचे जाणकार आणि त्यांचा बाजारभाव

संगणकास काम सांगण्यासाठीं माणसानें ज्या भाषा रचल्या, त्यांत कोबोलचें नशीब विलक्षण आहे. १९५९ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयानें पेंटॅगॉनमध्यें एक सभा भरली. त्या काळीं प्रत्येक कारखान्याच्या यंत्राची बोली निराळी. यंत्र बदललें कीं हिशेबाची सारी आज्ञावली पुन्हां लिहावी लागे. म्हणून सर्व यंत्रांस चालेल अशी एकच भाषा करावयाचें ठरलें. तिची घडण साध्या इंग्रजी क्रियापदांची, आणि तिला ग्रेस हॉपर यांच्या आधींच्या भाषेचा मोठा आधार होता. १९६० च्या डिसेंबरांत एकच आज्ञावली युनिव्हॅक आणि आर. सी. ए. अशा दोन निराळ्या यंत्रांवर चालवून दाखविण्यांत आली. कारकुनालाहि वाचतां येईल अशा भाषेला खास तज्ज्ञ फारसे लागणार नाहींत, अशी आशा होती. घडलें तें उलटेंच.

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांचे हिशेब या भाषेंत शिरले ते तेथेंच राहिले. पंडितांनीं मात्र तिला नाक मुरडलें, आणि तरुण नव्या भाषांकडे वळले. काम उरलें, जाणकार आटूं लागले.

जुन्या यंत्रांत जागा महाग, म्हणून सालाचे शेवटले दोनच अंक नोंदविण्याची रीत पडली होती. २००० सालाला यंत्र १९०० समजेल, हें ध्यानांत येतांच धांवपळ उडाली. निवृत्त माणसें परत बोलावलीं, तरी पुरेनात. मुंबईच्या सीप्झमधील आणि पुण्यांतील कंपन्यांना ही पर्वणीच होती. अमेरिकेनें एच-१बी परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० होती ती १९९९ साठीं १,१५,००० केली, आणि कित्येक मराठी घरांतला पहिला परदेशप्रवास या दोन अंकांपायीं घडला. १ जानेवारी २००० हा दिवस मोठें विघ्न न येतां गेला. काम चोख झालें आणि त्याबरोबरच सरलें!

मालक मागतात तो अनुभव. नवशिक्यास दार बंद. वस्तुतः भाषा थोड्या महिन्यांत येते, पण अमुक ओळ तीस वर्षांपूर्वीं कां घातली, हें पुस्तकांत नसतें. एप्रिल २०२० मध्यें साथीमुळें बेकारांचे अर्ज लोटले, तेव्हां न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनीं कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांस जाहीर साद घातली. भत्ता देणारी ती यंत्रणा त्यांच्याच सांगण्याप्रमाणें चाळीस वर्षांहून जुनी होती.