यवतचा डास

2006 साली राळेगणसिद्धीत आमच्या आईला चिकुनगुन्या झाला. ताप चार दिवसांत उतरला, सांधे मात्र वर्षभर सुटले नाहीत. बोटे वळत नसल्याने ती मनगटाच्या टाचेने पीठ मळायची. एका डॉक्टरांनी ‘नवा आजार आहे, जाईल आठवड्यात’ असे सांगितले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला होता, त्यामुळे पारावर नावाची फोड ‘चिकन’ अशी होऊन बऱ्याच जणांनी कोंबडी सोडली. मी मात्र ‘नवा’ या शब्दापाशी अडकलो आणि जुने कागद शोधू लागलो.

हा आजार नवा नव्हताच. 1952 मध्ये टांगानिकातल्या माकोंडे लोकांच्या मुलखात तो ओळखला गेला, आणि त्यांच्याच भाषेतल्या या नावाचा अर्थ वाकून जाणे असा आहे. भारतात तो 1963 साली कलकत्त्यात दिसला, मग मद्रास, 1965 मध्ये नागपूर. 1973 साली तो बार्शीत आला. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राच्या (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शास्त्रज्ञांनी तिथे तपास केला, तेव्हा सुमारे 37.5 टक्के लोक आजारी पडल्याचे आढळले. दहातले जवळजवळ चार! आदल्याच वर्षी 1972 चा दुष्काळ होऊन गेला होता. नळ बंद, विहिरी कोरड्या, आणि घरोघरी पिंपे, हौद, रांजण भरून ठेवलेले. एडिस डासाला याहून चांगले काय हवे? हा दुवा माझा, तपासकर्त्यांचा नव्हे. पण पारनेर तालुक्यात राहणाऱ्याला तो न जोडणे कठीण आहे.

बार्शीनंतर बत्तीस वर्षे मोठी साथ झाली नाही. त्या काळात शिकलेल्या डॉक्टरने या आजाराचा एकही रुग्ण पाहिलेला नसण्याची शक्यताच जास्त, म्हणून आईला ‘नवा आजार’ सांगणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही. 2005 च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रात साथ उसळली. 2006 मध्ये देशात संशयित रुग्णांचा आकडा 13.9 लाखांवर गेला. पुण्याच्या संस्थेने जुन्या-नव्या विषाणूंची जनुके ताडून पाहिली. 1963 ते 1973 चे विषाणू आशियाई वंशाचे, 2006 चे आफ्रिकी वंशाचे निघाले. आणि त्याच तपासणीत 2000 साली यवतला पकडलेल्या डासातला विषाणूही होता. तोही आफ्रिकीच! यवत म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, दौंड तालुक्यातले गाव. साथीच्या निदान पाच वर्षे आधी पाहुणा इथे येऊन बसला होता.

या आजाराने माणूस मरत नाही, असेच तेव्हा सांगितले जाई, आणि सरकारी आकड्यांत मृत्यू शून्य होते. अहमदाबादेत मात्र संशोधकांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी काढल्या. ऑगस्ट ते नोव्हेंबर 2006 या चार महिन्यांतले मृत्यू आधीच्या चार वर्षांच्या त्याच महिन्यांच्या सरासरीशी ताडले, तर 2,944 जास्त निघाले. त्यातला प्रत्येक मृत्यू चिकुनगुन्याचाच, असे हा हिशेब सिद्ध करत नाही. पण शून्याचे काय करायचे? मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तापाने खाली बसवले, आणि महिन्याने तो गेला, तर कारणाच्या रकान्यात ‘वृद्धापकाळ’ लिहिणे फार सोपे असते.

मेंदू आणि मज्जातंतूंवर होणारे परिणाम, महिनोन्महिने टिकणारी सांधेदुखी, हे सगळे 2006 नंतर हळूहळू अधिक प्रमाणात नोंदले गेले. 2024 मध्ये पुण्यात साथ आली तेव्हा डॉक्टर पुन्हा चमकले. काही रुग्णांची नाके काळवंडली होती, काहींच्या पायांतली ताकद गेली होती.

आमचा रांजण अजून परसात आहे. दर आठवड्याला मी तो रिकामा करून काथ्याने घासतो, विशेषतः पाण्याच्या रेषेच्या वरचा भाग, कारण अंडी तिथे चिकटतात आणि पाणी आटले तरी महिनोन्महिने कोरडी टिकून राहतात.