मालक नसलेल्या गावात माणसं कशी सापडतात?

ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

आपल्या फोनवर पुढचं रील कोणतं दिसणार, हे कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो. पण ज्या नेटवर्कला मालकच नाही, तिथे आपल्या आवडीची माणसं कोण शोधून देतं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तरी सांगतो, याचं उत्तर कोडपेक्षा इतिहासात जास्त सापडतं.

१९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना यूजनेटची कल्पना सुचली. मध्ये कुठलाही मुख्य सर्व्हर नाही. एक कॉम्प्युटर फोनच्या लाइनवरून दुसऱ्याला मेसेज देणार, दुसरा तिसऱ्याला. गर्दी वाढली तसा पसारा झाला. म्हणून १९८७ पर्यंत सगळ्या ग्रुपांची नावं नव्याने लावली गेली. कॉम्प्युटरसाठी 'कॉम्प', छंदांसाठी 'रेक', समाजासाठी 'सोक'. याच 'सोक'खाली पुढे 'सोक.कल्चर.इंडियन.मराठी' हा ग्रुप आला. परदेशात बसलेल्या मराठी माणसाला पाटी वाचून घर सापडायची सोय झाली!

आता थेट २०१६. जर्मनीत ऑयगेन रोचको यांनी मॅस्टोडॉन आणलं. हजारो छोटे सर्व्हर, एकमेकांशी बोलणारे. पण गंमत बघा, तुमच्या सर्व्हरवर एखाद्याला कुणीच फॉलो करत नसेल, तर त्याची पोस्ट सहसा तिथे पोचतच नाही. शिवाय कुणालाही शोधून त्रास देता येऊ नये म्हणून सगळ्यांच्या पोस्टमधले शब्द शोधायची सोय मुद्दाम ठेवली नव्हती. ती २०२३ मध्ये आली, तीही ज्याने परवानगी दिली त्याच्याच पोस्टपुरती. म्हणजे इथे पाटीचं काम हॅशटॅग करतो.

२०१९ मध्ये सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि चिडलेले कितीतरी भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. त्यातले बरेच जण थोड्याच दिवसांत परत ट्विटरवर दिसू लागले. मला यात तंत्रज्ञानाचा दोष कमी वाटतो. राग त्यांना दारापर्यंत घेऊन गेला, पण आत ओळखीचं कुणी भेटलं नाही तर माणूस थांबेल कशाला?

२०२३ पासून ब्लूस्कायवर कुणीही स्वतःचं फीड बनवू शकतं. २०२४ मध्ये 'स्टार्टर पॅक' आले, म्हणजे कुणीतरी निवडून दिलेली ओळखीची यादी. साधन नवं, काम तेच जुनं. कुणीतरी बसून पाट्या लावायच्या.

उद्या एखाद्या कंपनीने दार लावून घेतलं, तर आपली मराठी मंडळी एकमेकांना सापडतील का? ते आपल्या हातात आहे. पोस्टला 'मराठी' हा हॅशटॅग लावा. नवीन कुणी दिसलं तर आधी त्याला उत्तर द्या, लाइक नंतर. आणि चार चांगल्या लोकांची यादी बनवून पुढे पाठवा.

भेटू पुढच्या भागात!