साडेबारा मीटरचा उतार

आमच्या ऑफिसात नवं फीचर लाइव्ह गेलं की केक कापतात. जुनी सिस्टीम चालू ठेवणाऱ्या टीमला केक नसतो. मी तीन वर्षं त्या दुसऱ्या टीममध्ये आहे. ऑनसाइटला असताना एका रविवारी दक्षिण फ्रान्समधला पाँ द्यु गार बघायला गेलो, तेव्हा हीच खंत डोक्यात होती.

पहिल्या शतकात रोमनांनी नीम शहरासाठी युझेसजवळच्या झऱ्याचं पाणी आणलं. सरळ अंतर वीसेक किलोमीटर. पण मध्ये डोंगर, म्हणून कालवा वळसे घेत सुमारे 50 किलोमीटरचा झाला. एवढ्या वाटेत एकूण उतार फक्त साडेबारा मीटर. किलोमीटरमागे जेमतेम वीतभर! पंप नाही, पाणी आपल्या वजनानंच वाहायचं. विट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदानं समतल मापायच्या एका साधनाचं वर्णन केलंय: वीस फुटी लाकडी फळी, वर पाण्याची खाच. आपल्या गवंड्याची पाणसळच की ती.

वाटेत गार्दों नदी आडवी आली, तिथे हा पूल बांधला. कमानींचे तीन मजले, उंची जवळपास 49 मीटर. खालचे दोन मजले चुन्याशिवाय रचलेत आणि काही दगड सहा टनांचे आहेत. कुठला दगड कुठे बसवायचा, त्याच्या खुणा अजून वाचता येतात. परांचीसाठी बाहेर ठेवलेले दगडही तसेच आहेत.

सगळे याचेच फोटो काढतात. मीही काढले.

पण पाणी वाहायचं ते सगळ्यात वर, सव्वा मीटर रुंदीच्या पाटातून. झऱ्याचं पाणी क्षारांचं, त्यामुळे भिंतींवर वर्षागणिक पुटं चढत गेली. काही ठिकाणी थर अर्धा मीटर जाड झाला. चौथ्या शतकापासून देखभाल ढिली पडली, पाणी कमी होत गेलं आणि शेवटी थांबलं. पूल मात्र उभाच राहिला.

इ.स. 97 मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झालेल्या फ्रंटायनसनं राजधानीतल्या देखभालीचा हिशोब लिहून ठेवलाय: दोन टोळ्या, 240 आणि 460 गुलाम. त्यात गिलावा करणारे होते, हौद सांभाळणारेही. आकडा उरला, नावं नाहीत. मला निदान पगार मिळतो.

सोमवारी लॅपटॉप उघडला. पहिलंच तिकीट: सर्व्हरची डिस्क भरली आहे, जुने लॉग साफ करा.

केले.