कावेरीकाठचे गुरू आणि त्यांचे स्वभाव

तंजावर ते कुंभकोणम हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. या वाटेवर, कुंभकोणमच्या थोडे अलीकडे पापनाशम लागते. इथल्या पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातले विटांचे प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. त्यात तीन हजार कलम (धान्याचे जुने माप) भात मावत असे. कावेरीच्या फाट्यांवर पोसलेल्या या मुलखात भाताला तोटा नव्हता, म्हणून नांगर हाती न धरणारी माणसेही इथे जगू शकली. पंडित, गवई, भागवत, गोसावी, सगळ्यांच्या झोळीत ओंजळभर तांदूळ पडत राहिला. १६७६च्या सुमारास व्यंकोजी भोसले तंजावरच्या गादीवर बसले आणि १८५५ मध्ये कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. या मराठी राजवटीत पापनाशमच्या अवतीभवती नामसंकीर्तनाची एक परंपरा घडली. आज दक्षिणेत ती ‘संप्रदाय भजन’ म्हणून ओळखली जाते.

ती घडवणाऱ्यांत एकाचा स्वभाव दुसऱ्यासारखा नव्हता. कोणी पीठाधिपती होता, कोणी प्रपंच करणारा मवाळ कवी. कोणी वादात समोरच्याला नामोहरम करणारा, तर कोणी विखुरलेल्या गोष्टी एका माळेत ओवणारा. देव एक, नाम एक, नदीही एकच. तरी प्रत्येकाने उभा केलेला धर्म वेगळा दिसला, कारण तो त्या त्या माणसाच्या मनातून आला होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात धर्मानुभवाची मुळे माणसाच्या प्रकृतीत शोधली. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी त्यात दुसरी बाजू जोडली. गुरूचे तेज अनुयायांनी मान्य केले तरच ते तेज, आणि गुरूच्या माघारी ते नित्याच्या व्यवहारात उतरले तरच टिकते. पुढे १९५८ मध्ये मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी मार्टिन ल्यूथरच्या तरुणपणावर लिहिताना दाखवले, की एका माणसाच्या मनातला पेच आणि त्याच्या काळाचा पेच जुळले की पुढारी जन्माला येतो. या तिघांचे म्हणणे कावेरीकाठी ताडून पाहता येते.

मराठी वाचकाला यातले काही आधीच ओळखीचे आहे. दासबोधाच्या अकराव्या दशकात समर्थ रामदासांनी ‘महंतलक्षण’ असा स्वतंत्र समासच लिहिला. महंताने कसे बोलावे, लोकांची मने कशी ओळखावी, माणसे कशी जोडावी याचा विचार त्यांनी सतराव्या शतकात केला होता. समर्थांच्या दृष्टीने नेतृत्व अंगी असावे लागतेच, पण ते शिकवताही येते. मठांसाठी माणसे पारखून नेमण्याची त्यांची रीत यातूनच आली. तंजावरला त्यांनी आपले शिष्य भीमस्वामी यांना ठेवले, असे संप्रदाय सांगतो. मन्नारगुडीलाही रामदासी मठ उभा राहिला. सज्जनगडावरच्या राम, सीता आणि लक्ष्मणाच्या मूर्ती तंजावरला घडल्या आणि समर्थांच्या निर्वाणाच्या काही दिवस आधी गडावर पोचल्या. तंजावरच्या मठांनी मराठी ग्रंथ लिहिले आणि जपले. पण त्यांचा कारभार मराठीतून चाले, त्यामुळे त्यांचा पैस मुख्यतः मराठी घरांपुरता राहिला. तमिळ आणि तेलुगू बोलणाऱ्या शेजाऱ्यांपर्यंत नाम पोचवले ते वेगळ्या माणसांनी.

व्यंकोजींचे पुत्र शाहजी १६८४ मध्ये गादीवर आले. ते स्वतः तेलुगू आणि मराठीत नाटके लिहीत. त्यांनी कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याचे नाव शाहजिराजपुरम् ठेवले. या गावात विद्येइतकाच विद्येचा अहंकारही नांदत असणार. श्रीधर वेंकटेश, ज्यांना लोक आदराने अय्यावाळ म्हणत, तिथेच राहात.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा श्राद्धाच्या दिवसाची आहे. वडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता, ब्राह्मण यायचे होते. दारात एक अंत्यज भुकेने व्याकूळ होऊन उभा राहिला आणि अय्यावाळांनी पितरांसाठी शिजवलेले अन्न त्याला वाढले. अग्रहार खवळला. गंगास्नानाशिवाय प्रायश्चित्त नाही, असा निवाडा झाला. अय्यावाळ भांडले नाहीत, आपली बाजूही मांडत बसले नाहीत. त्यांनी गंगेचे स्तोत्र रचून म्हटले आणि परसातल्या विहिरीतून गंगा उसळली, अशी श्रद्धा आहे. कार्तिकै महिन्यातल्या अमावास्येला आजही लोक पहाटेपासून त्या विहिरीवर स्नानासाठी रांग लावतात.

विहिरीत गंगा आली का, हा श्रद्धेचा प्रश्न. इतिहासाच्या अंगाने दुसरी गोष्ट मोलाची आहे: तीनशे वर्षे लोकांनी नेमकी हीच कथा जपली. अय्यावाळ संस्कृतचे मोठे कवी होते, तरी सामान्य माणसाने त्यांच्या काव्यापेक्षा त्यांची माया लक्षात ठेवली. नियम समोर असताना आधी भूक पाहणारा माणूस या मुलखाला गुरू म्हणून हवा होता. मराठी वाचकाला इथे पैठणचे एकनाथ आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पितरांसाठी केलेले अन्न अंत्यजांना वाढल्याची कथा त्यांच्याही चरित्रात आहे. दोन दूरच्या प्रदेशांनी आपापल्या संताबद्दल एकच कथा सांगावी, यातून त्या समाजांच्या मनाला टोचणारी सल कळते.

बोधेंद्र सरस्वती याच काळातले, पण प्रकृतीने निराळे. परंपरेच्या गणनेनुसार ते कांची कामकोटी पीठाचे एकोणसाठावे आचार्य. कोणतीही गोष्ट ग्रंथाच्या आधाराशिवाय मानायची नाही, हा त्यांचा पिंड. त्यांची कथा जगन्नाथपुरीची आहे. परक्यांनी पळवून नेलेली एक स्त्री परत आली. तिला घरात घ्यावे का, असा पेच पडला. नामाने ती शुद्धच आहे, हे बोधेंद्रांना मनापासून पटले होते. तरीही त्यांनी लक्ष्मीधरांचा ‘भगवन्नामकौमुदी’ हा ग्रंथ मिळवला, त्यातून आधार दाखवला आणि मगच निर्णय दिला. अय्यावाळ जिथे हृदयाने गेले, तिथे बोधेंद्र शास्त्राच्या वाटेने पोचले. आयुष्याच्या अखेरीस ते कावेरीकाठी गोविंदपुरमला राहिले आणि १६९२ मध्ये तिथेच समाधिस्थ झाले. नामाला जात, वेळ, सोवळे यांची अट नाही, हे कर्मठांना पटवायला अशाच माणसाची गरज होती. कळवळा त्यांनी भावनेचा उमाळा म्हणून बाजूला सारला असता. आचार्यांनी दाखवलेला आधार नाकारणे त्यांना जड गेले.

सदाशिव ब्रह्मेंद्रांची गोष्ट या सगळ्यांहून चटका लावणारी आहे. तिरुविसनल्लूरच्या विद्वानांत शिकलेला हा तरुण वादात कोणाला हार जात नसे. भेटेल त्या पंडिताला तो निरुत्तर करी. शेवटी तक्रार गुरूंपर्यंत गेली. गुरू परमशिवेंद्रांनी त्याला एवढेच विचारले, की तू आपली जीभ आवरायला कधी शिकणार? सदाशिवांनी त्या क्षणी मौन धरले आणि ते जन्मभर पाळले, अशी कथा आहे. ते दिगंबर अवस्थेत कावेरीच्या वाळवंटातून हिंडत राहिले. पुदुक्कोट्टैच्या तोंडैमान राजाला त्यांनी वाळूवर अक्षरे काढून उपदेश केला आणि ती वाळू राजवाड्यात पूजेत ठेवली गेली, असे सांगतात. त्यांनी मठ काढला नाही, कोणाला गादीवर बसवले नाही. समाधी करूरजवळ नेरूरला आहे.

जो माणूस बोलून जिंकत होता, त्याच्याकडे लोक शिकायला गेले नाहीत. तो गप्प झाल्यावर त्याच्यामागे राजा आला. पण मुळात जिभेवर त्याची सत्ता नसती, तर त्या मौनाला वजनही आले नसते. वाणीवरची ती हुकमत त्यांच्या रचनांत उतरली. वाद सोडलेल्या माणसाने लिहिलेली ती छोटी संस्कृत गीते आज दक्षिणेतल्या घराघरांत गायली जातात.

बोधेंद्र आणि अय्यावाळ गेल्यावर परंपरा विरळ होत गेली. गोविंदपुरमची समाधी कावेरीच्या गाळात कुठे गडप झाली तेही कळेना. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिरुविसनल्लूरच्या तेलुगू कुळातला वेंकटरमण हा तरुण पुढे आला. पुढे कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरला तो स्थायिक झाला, म्हणून लोक त्याला मरुदानल्लूर सद्गुरुस्वामी म्हणू लागले. हे सद्गुरुस्वामी वाळूवर ठिकठिकाणी कान लावून आडवे होत आणि जिथे रामनाम ऐकू आले तिथे बोधेंद्रांची समाधी असल्याचे त्यांनी सांगितले, अशी आख्यायिका आहे. तंजावरच्या सरफोजी राजांच्या मदतीने नदीचा प्रवाह वळवून समाधी बांधल्याचेही परंपरा सांगते.

सद्गुरुस्वामींचा स्वभाव जुळवून आणणाऱ्याचा होता. बोधेंद्रांचे शास्त्र, अय्यावाळांची माया, सदाशिवांची गीते हे सगळे त्यांना तयार मिळाले होते. नव्हता तो फक्त क्रम. रोज काय गायचे, आधी काय, मग काय, उत्सवाला काय, हे त्यांनी बसवले. नव्या काव्याच्या मागे न लागता त्यांनी दुसऱ्यांची काव्ये एकत्र आणली. जयदेवांच्या अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, भद्राचल रामदासांची तेलुगू पदे, पुरंदरदासांची कन्नड पदे, अशी चाल पडली. विसाव्या शतकात पुदुक्कोट्टैच्या गोपाळकृष्ण भागवतरांनी ती आणखी घोटली. आज या क्रमात मराठी अभंगांनाही हक्काची जागा आहे.

त्यांचेच समकालीन संगीतकार त्यागराज तिरुवैयारूला राहात. दोघेही उंछवृत्तीने जगत, म्हणजे भजन गात दारोदार धान्य मागत. दोघांच्या आयुष्यात सरफोजींचे नाव येते. पण राजाकडून आलेली संपत्ती त्यागराजांनी नाकारल्याची कथा सांगतात, आणि सद्गुरुस्वामींनी राजाची मदत कामाला लावल्याची. एकाला आपले गाणे निर्मळ ठेवायचे होते, दुसऱ्याला बुडालेली समाधी वर काढायची होती. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. त्यागराजांच्या रचना शिष्यांच्या गळ्यातून पुढे गेल्या. त्या शिष्यांची एक शाखा पापनाशम तालुक्यातल्या उमैयाळपुरमची. सद्गुरुस्वामींचा क्रम मात्र गळ्यावर अवलंबून नव्हता, बेसूर माणसालाही त्यात झांज वाजवता येत होती. वेबर यांनी ज्याला तेजाचे नित्यात रूपांतर म्हटले, ते इथे घडले.

तेज अनुयायांनी मान्य करावे लागते, हे वेबर यांचे दुसरे म्हणणे पापनाशम तालुक्यातल्या मेलट्टूरला दिसते. तिथल्या वेंकटराम शास्त्रींनी तेलुगूत भागवतमेळ्याची नाटके लिहिली. नृसिंह जयंतीच्या सुमारास रात्रभर ‘प्रह्लादचरित्र’ होते. नृसिंहाचा मुखवटा देवळात पुजला जातो. तो घालणारा नट त्या दिवशी उपास करतो आणि मुखवटा चढवल्यावर त्याला असा आवेश येतो, की दोन-चार माणसांना त्याला धरून ठेवावे लागते. एरवी तो गावातला साधा गृहस्थ असतो. त्या रात्री गाव त्याच्यात देव पाहते आणि त्या पाहण्याने त्याच्या मनात काही हलते. अनुयायांची श्रद्धा पुढाऱ्याला कशी घडवते, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

पापनाशम शिवन यांचे नावही असेच लोकांनी घडवलेले. १८९० मध्ये पोलगम गावी जन्मलेल्या या मुलाचे नाव रामय्या. वडील लहानपणीच गेले, आई त्याला घेऊन त्रिवेंद्रमला गेली, आणि १९१० मध्ये तीही गेली. विशीतला पोरका तरुण देवळा-देवळांतून गात हिंडू लागला. भाऊ पापनाशमला होता, म्हणून तिथे राहणे झाले. अंगभर भस्म फासून भजनात रंगलेल्या या तरुणात लोकांना शंकर दिसला आणि त्यांनी त्याला पापनाशम शिवन म्हणायला सुरुवात केली. पुढे मद्रासच्या मैलापूरमध्ये मार्गळी महिन्यात पहाटेच्या थंडीत ते भजन गात रस्त्याने निघत आणि लोक मागे चालत. हाताखाली मठ नव्हता, अंगावर संन्याशाची वस्त्रे नव्हती. होता तो फक्त आवाज, आणि देवाशी घरच्यासारखे बोलण्याची सवय.

१९३९ मध्ये दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम यांनी तमिळ लेखक कल्की यांच्या कथेवर ‘त्यागभूमी’ हा चित्रपट काढला. त्यातले शंभू शास्त्री वादळात सापडलेल्या हरिजनांना आसरा देतात आणि गाव त्यांना वाळीत टाकते. ही भूमिका पापनाशम शिवन यांनी केली. अय्यावाळांच्या विहिरीपासून काही कोसांवरच्या मुलखातला गायक, दोन शतकांनंतर, जवळजवळ तोच प्रसंग पडद्यावर जगत होता. चित्रपटात गांधीजींच्या चळवळीचा सूर होता, आणि प्रदर्शनानंतर सरकारने त्यावर बंदी घातली. पडद्यावर लोकांना नुसता नट दिसला नाही. मैलापूरच्या रस्त्यावर रोज दिसणारा माणूसच तिथे होता, म्हणून शंभू शास्त्रींचे वागणे त्यांना खरे वाटले.

शिवन १९७३ मध्ये गेले. मैलापूरची मार्गळीतली भजने त्यांच्या माघारी चालू राहिली. गोविंदपुरमला बोधेंद्रांच्या समाधीच्या परिसरात अलीकडच्या काळात पंढरीच्या विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले. मुंबईत माटुंग्याच्या तमिळ वस्तीत राधाकल्याण, म्हणजे राधा-कृष्णाच्या विवाहाचा भजनोत्सव, होते, तेव्हा तमिळ भागवतर झांजेच्या ठेक्यावर मराठी अभंग उचलतात. क्रम मरुदानल्लूरचाच असतो. अभंग किती वेळ रंगवायचा, दाराशी उभ्या असलेल्यांना केव्हा आत ओढून घ्यायचे आणि केव्हा थांबायचे, हे मात्र अजूनही पुढे बसलेल्या भागवतराच्या स्वभावावर ठरते.