टेप-मेजर यागी
टेप-मेजर यागी हा सुतारकामातील पोलादी टेप आणि पीव्हीसी पाइपचे तुकडे यांपासून घरी तयार केला जाणारा तीन घटकांचा दिशादर्शी अँटेना आहे. हौशी रेडिओच्या २ मीटर पट्ट्यावर त्याचा वापर होतो. लपवून ठेवलेला प्रक्षेपक शोधण्याच्या ‘फॉक्स हंटिंग’ या खेळामुळे तो विशेष रूढ झाला.

पार्श्वभूमी
यागी-उदा अँटेना १९२६ मध्ये जपानमधील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी मांडला. त्याचे घटक सहसा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे असतात आणि झाडाझुडपांतून फिरताना ते वाकतात. टेपची फीत आडव्या छेदात किंचित वक्र असल्याने आधाराविना ताठ राहते, अडकल्यास दुमडते आणि सुटताच पुन्हा सरळ होते. याच गुणामुळे अनेक लघुउपग्रहांवरही टेपसारख्या पोलादी फितींचे अँटेना दुमडून पाठवले जातात.

रचना
अमेरिकेत प्रचलित असलेला आराखडा १४६.५६५ मेगाहर्ट्झसाठी आहे. त्यात परावर्तक सुमारे १०५ सेंमी, चालित घटकाचे दोन भाग प्रत्येकी ४५ सेंमी आणि दिग्दर्शक ८९ सेंमी लांब असतो. परावर्तक व चालित घटक यांत २०.३ सेंमी, तर चालित घटक व दिग्दर्शक यांत ३१.८ सेंमी अंतर ठेवतात. भारतात हा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ असल्याने सर्व मापे सुमारे एक टक्क्याने वाढवावी लागतात. एकूण तीन मीटरहून कमी फीत लागते; त्यामुळे स्प्रिंग निकामी झालेला, २५ मिमी रुंदीचा ५ मीटरचा टेप पुरेसा ठरतो. शिंप्याचा किंवा फायबरचा टेप वीजवाहक नसल्याने निरुपयोगी आहे.

पट्ट्या पाइपच्या जोडांवर होज क्लिपने आवळतात. चालित घटकाच्या दोन भागांत सुमारे २.५ सेंमी फट असते. तेथील रंग पूर्णपणे खरवडल्याशिवाय पोलादावर डाख धरत नाही. बहुतेक फसलेल्या अँटेनांचे मूळ याच जोडात सापडते. चालित घटक अर्ध्या तरंगलांबीपेक्षा मुद्दाम आखूड ठेवलेला असतो. सुमारे १२.७ सेंमी तार यू आकारात वाकवून फटीच्या दोन्ही बाजूंना जोडली की त्याची प्रतिबाधा ५० ओहमच्या केबलशी जुळते.

वापर
शोधकार्यात या अँटेनाची पाठ त्याच्या तोंडाइतकीच कामाची असते. पुढच्या बाजूस संदेशाचा जोर विस्तृत कोनात जवळपास सारखाच राहतो. परावर्तकाच्या मागे मात्र तो एका अरुंद दिशेत झपाट्याने घटतो. त्यामुळे अँटेना उलटा धरून आवाज सर्वांत क्षीण होणारी दिशा शोधल्यास नेमकेपणा वाढतो. प्रक्षेपकाचा अँटेना उभा असल्यास पट्ट्याही उभ्या धराव्या लागतात. प्रक्षेपक अगदी जवळ आल्यावर ग्राहीयंत्र संपृक्त होते आणि क्षीणकाविना दिशा कळेनाशी होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडून १४५.८०० मेगाहर्ट्झवर येणारे हौशी प्रक्षेपण ऐकण्यासाठीही हा अँटेना हातात धरून वापरतात.

मर्यादा
वाऱ्यात पट्ट्या दुमडत असल्याने आणि कापलेल्या कडा गंजत असल्याने छतावर कायम उभारणीसाठी तो योग्य नाही. धारदार टोकांवर चिकटपट्टी गुंडाळतात, कारण पट्ट्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. वीजवाहिन्यांजवळ तो वापरणे धोक्याचे आहे. भारतात हौशी पट्ट्यावर प्रक्षेपण करण्यासाठी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक असतो.