वारसांची राखणदार : कॉर्नेलियाबाई सोराबजी



लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत परमेश्वराची आज्ञा आहे कीं, पन्नासाव्या वर्षीं ज्याचें वतन त्यास परत मिळावें. ज्युबिलीचा मूळ हेतु हाच. म्हणून परक्याच्या हातीं जाणारें वतन राखण्यांत जिनें आयुष्य वेंचिलें, अशा एका ख्रिस्ती विदुषीचा वृत्तांत या स्मरणिकेंत देणें मला उचित वाटतें.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें झाला. वडील पारशी कुळांतून ख्रिस्ती झालेले मिशनरी होते. हें कुटुंब आपल्या कॅथोलिक पंथाचें नव्हे. तथापि सत्कृत्यास पंथाची सीमा नसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. १८९२ सालीं त्यांनीं ऑक्सफर्ड येथें कायद्याची उच्च परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. परंतु पदवी हातीं पडण्यास १९२२ साल उजाडलें, आणि हिंदुस्थानांत स्त्रियांस वकिलीचें द्वार कायद्यानें खुलें झालें तें १९२३ सालीं.

सनदेची वाट पाहत त्या स्वस्थ बसल्या नाहींत. १९०४ सालीं बंगाल सरकारनें त्यांस कोर्ट ऑफ वॉर्ड्स या खात्यांत नेमिलें. जमीनदार वारला आणि मागें अज्ञान मूल किंवा पडदानशीन विधवा राहिली, म्हणजे त्या इस्टेटीची व्यवस्था हें खातें पाही. परंतु पडद्यामुळें अंमलदारास विधवेशीं समक्ष बोलतां येत नसे. कारभारी सांगेल तेंच तिचें म्हणणें ठरे. न वाचलेल्या कागदावर तिनें अंगठा उठवावा आणि सर्वस्व गमवावें, असा प्रकार होई. कॉर्नेलियाबाई बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम या प्रांतांत फिरून थेट जनानखान्यांत जात, विधवेची हकीकत तिच्याच तोंडून ऐकत, तिच्या पोटगीची तजवीज करीत आणि मुलांच्या शिक्षणाची सोय लावीत. सुमारें ६०० स्त्रिया व मुलें यांस त्यांचा आधार लाभला. स्वराज्याच्या चळवळीस त्यांचा विरोध होता, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. परंतु त्यामुळें या सेवेचें मोल उणें होत नाहीं. १९५४ सालीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें.

आतां आपल्या चारठाण्याकडे वळूं. येथील प्राचीन देवळांचे दगड शेंकडों वर्षें टिकले. शेताचा हक्क मात्र, कागद नसेल तर, एका पिढींतच वादांत पडतो. आपणां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. पति मृत्युपत्राविना वारल्यास आणि मुलें असल्यास, विधवेस एक तृतीयांश मिळतो व बाकीच्यांत मुलगे आणि मुली यांचे वांटे समान असतात. कन्येस वगळणारा भाऊ या कायद्याचाहि अपराधी आहे आणि देवाचाहि. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यास कांहीं द्यावयाचें त्यास किंवा त्याच्या पत्नीस साक्षीदार करूं नये. मृत्युपत्रानंतर विवाह झाल्यास तें रद्द होतें, हेंहि ध्यानांत असावें.

आज पडदा सुटला, तरी न वाचलेल्या कागदावर उठणारा अंगठा सुटला आहे काय? प्रत्येक कुटुंबप्रमुखानें या ज्युबिली वर्षांत आपलें मृत्युपत्र करावें, आणि तें कोठें ठेविलें हें पत्नीस व कन्यांसहि सांगावें. विधवा व अनाथ यांचा कैवारी जो देव, तो आपणां सर्वांस ही सद्बुद्धि देवो.