तंबाखूची पारख

सिगारची पारख ओढणारा करतो. बाहेरच्या पानाचा गुळगुळीतपणा, बोटांनी दाबता जाणवणारा घट्टपणा, सहज येणारा झुरका, संथ व सारखे जळणे आणि जिभेवर रेंगाळणारी चव हे तिचे निकष होत. निपाणीच्या तंबाखूची पारख मात्र त्याची विडी वळली जाण्यापूर्वीच, खरेदीच्या वेळी होते.

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी परिसर विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. झाडाचा शेंडा खुडून आणि बगलेतील फुटवे काढून मोजक्या पानांनाच पोषण दिले जाते. त्यामुळे पान जाड होते व त्यातील निकोटिनचे प्रमाण वाढते. पक्व पानावर ठिपके उमटतात; मग पीक कापून उन्हात वाळवतात. पानाची जाडी, ठिपके, रंग, वास आणि कडकपणा यांवरून त्याची प्रत ठरते. पान फार कोरडे झाल्यास त्याचा चुरा होतो, ओलावा अधिक राहिल्यास बुरशी लागते.

प्रतीवर भाव अवलंबून असतो. प्रत ठरविणारा आणि माल घेणारा व्यापारी एकच असल्यास शेतकऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. ६ एप्रिल रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात अनेक शेतकरी मृत्युमुखी पडले. पानाच्या प्रतीमागे वर्षभराचा संसार उभा असतो, हे निपाणीने तेव्हा राज्याला दाखवून दिले.